कार्डाच्या गॅस मीटरमध्ये भरलेले पैसे नेमके जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. ब्रिटनमध्ये लेस्टरला दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक मराठी कुटुंब नोव्हेंबरात राहायला आलं. नवरा, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. गॅसचा मीटर जुन्या पद्धतीचा, कार्ड घालून पैसे भरायचा. कोपऱ्यावरच्या दुकानात कार्डावर २० पौंड भरायचे, घरी येऊन कार्ड मीटरमध्ये घालायचं, तर स्क्रीनवर साडेअकराच दिसतात. आठवड्याला जवळजवळ ३५ पौंड लागतात. वरच्या मजल्यावरच्यांना १५-१६ पुरतात. घरमालक म्हणतो, तुमच्याकडे स्वयंपाक फार चालतो. पैसे वाचवायला या मंडळींनी आता रात्रीचं हीटिंग पूर्ण बंद केलं आहे. यावर काय करावं, असं त्या ताईंनी विचारलं आहे.

ताई, सगळ्यात आधी हीटिंग सुरू करा. घरात तीन वर्षांचं मूल आहे. हिवाळ्यात घराचं तापमान १८ अंशांखाली जाऊ देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं आहे आणि लहान मुलांच्या बाबतीत त्यात तडजोड करू नये. ब्रिटनमध्ये ऊर्जाबिलांच्या सल्ल्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. वारंवार दिसतं ते हे, की मीटर पैसे खातो आणि माणसं ते आपल्याच सवयींवर घेतात. मग ती कुडकुडत बसतात, आंघोळी कमी करतात, एकमेकांवर चिडतात. त्या पैशांतला मोठा भाग गॅसवर खर्चच झालेला नसतो. म्हणून बचतीचा विचार नंतर. जाणारा पैसा जळतो आहे की नुसता कापला जातो आहे, हे आधी शोधायचं. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवरून मला दुसऱ्याचा दाट संशय आहे.

२० भरले आणि साडेअकरा दिसले. साडेआठ पौंड एक ज्योतही न पेटवता गेले. कार्ड आत जाताच मीटर तीन प्रकारची वसुली करू शकतो.

पहिली वसुली इमर्जन्सी क्रेडिटची. शिल्लक संपत आली की मीटर ठरावीक रक्कम, साधारण ५ किंवा १० पौंड, उसनी देतो. पुढच्या टॉप-अपमधून ती आधी परत घेतो. हे पैसे वाया गेलेले नसतात, कारण तेवढा गॅस तुम्ही आधीच वापरलेला असतो. पण दर वेळी इमर्जन्सीवर जाऊन मगच कार्ड भरायची सवय लागली, की भरलेली रक्कम कायम कमी दिसते आणि हिशोबाचा धागा हातातून सुटतो.

दुसरी वसुली स्टँडिंग चार्जची. गॅस वापरा किंवा वापरू नका, हा रोजचा आकार लागतोच. तुम्ही इमर्जन्सीवर असताना किंवा मीटर शून्यावर बंद पडलेला असताना तो बहुतेक मीटरमध्ये साचत जातो आणि पुढच्या भरण्यातून एकदम वळता होतो. गॅससाठी तो सध्या दिवसाला ३० पेन्सांच्या आसपास आहे, प्रदेशानुसार थोडा इकडेतिकडे. आकडा लहान वाटतो. पण फ्लॅट उन्हाळ्यात तीन महिने रिकामा असेल, तर २७ पौंड साचतात. नवा भाडेकरू आला की पहिल्याच टॉप-अपला त्याला हा फटका बसतो, आणि घर रिकामं असतानाचा हा आकार त्यानं भरायचा नसतो. तो घरमालकाच्या नाहीतर आधीच्या खातेदाराच्या डोक्यावर असतो. तुम्ही पुढे कधी सहा आठवड्यांसाठी नाशिक-पुण्याला जाल, तेव्हाही हे लक्षात ठेवा. निघताना मीटरमध्ये पंधराएक पौंड शिल्लक ठेवून जा. नाहीतर परतल्यावर थंडगार घर, झोपलेलं मूल, सुटकेसा आणि बंद मीटर अशी गत होते.

तिसरी वसुली जुन्या थकबाकीची, आणि तुमच्या बाबतीत मला हीच सगळ्यात जास्त संभवनीय वाटते. कार्डाचे मीटर पुष्कळ घरांत बसवले गेले तेच मुळी आधीच्या कुणीतरी बिल थकवलं म्हणून. ती थकबाकी मीटरमध्येच नोंदवलेली असते आणि दर आठवड्याला ठरावीक रक्कम कापली जाते. काही मीटर प्रत्येक टॉप-अपमधला वाटा काढून घेतात. कर्जदार माणूस घर सोडून जातो, पण त्याचं कर्ज भिंतीवरच्या पेटीत राहतं. तुम्ही त्याचंच कार्ड वापरत असाल, तर पुरवठादाराच्या दृष्टीनं त्या घरात अजून तोच राहतो आणि तुम्ही इमानेइतबारे त्याचं देणं फेडता आहात. हे कायद्यानं तुमचं देणं नाही. तुमची जबाबदारी तुम्ही घराचा ताबा घेतला त्या तारखेपासून सुरू होते. त्याआधीचं एक पेनीही नाही.

म्हणून मला पहिला प्रश्न विचारायचा आहे: हे कार्ड तुम्हाला कुठून मिळालं? घरमालकानं किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर दिलं, किंवा मीटरमध्येच खोचलेलं होतं, तर ते वापरणं आजपासून थांबवा. आधी पुरवठादाराला फोन करून नव्या नोंदणीचं, तुमच्या नावाचं कार्ड मागा. ते येईपर्यंत गॅस कसा सुरू ठेवायचा हेही त्याच फोनवर विचारा. घरात लहान मूल आहे हे सांगा, म्हणजे ते उद्यावर ढकलणार नाहीत.

पुरवठादार कोण हेच ठाऊक नसेल, तर गॅससाठी ‘फाइंड माय सप्लायर’ नावाची मोफत ऑनलाइन सोय आहे. पोस्टकोड आणि पत्ता टाकला की पुरवठादाराचं नाव आणि तुमच्या जोडणीचा एमपीआरएन क्रमांक मिळतो. वीज आणि गॅसचे पुरवठादार वेगळे असू शकतात, तेव्हा विजेच्या कागदावरून गॅसचा अंदाज बांधू नका.

आता मोजणी. थकबाकीबद्दलचा फोन करण्याआधी हाती आकडे असतील तर बोलणं पाच मिनिटांत संपतं. नसतील तर तोच फोन तासभर चालतो आणि शेवटी ‘वापर कमी करा’ एवढाच सल्ला मिळतो. मीटरवरचं बटण दाबत गेलं की स्क्रीन बदलतात: शिल्लक, घनमीटरमधलं रीडिंग, गॅसचा दर, स्टँडिंग चार्ज, एकूण थकबाकी, आठवड्याची वसुली. कोणत्या स्क्रीनवर काय, हे मीटरच्या बनावटीप्रमाणे बदलतं. पुरवठादाराच्या संकेतस्थळावर तुमच्या मीटरचा तक्ता असतो. प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा. मीटरच्या अंगावरचा अनुक्रमांकही फोटोत येऊ द्या. थकबाकीच्या स्क्रीनवर शून्याखेरीज काहीही दिसलं, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

मग एक आठवडा, रोज एकाच वेळी, दोनच आकडे वहीत लिहा: घनमीटर आणि शिल्लक. कार्ड भरलं तर किती भरलं तेही. आठवड्याअखेर एवढा हिशोब करायचा. एक घनमीटर गॅस म्हणजे ढोबळमानानं सव्वाअकरा युनिट. हे युनिट आपल्या विजेच्या बिलावरचंच, किलोवॉट-तास. इथे गॅसही त्यातच विकतात. नेमकं सूत्र हवं असेल तर घनमीटरला १.०२२६४ नं गुणायचं, मग गॅसच्या उष्मांकानं गुणायचं (तो ३९-४० च्या आसपास असतो) आणि ३.६ नं भागायचं. ढोबळ आकड्यावर आपलं काम भागतं. एका युनिटचा दर २०२५ च्या अखेरीस ६ पेन्सांच्या आसपास होता आणि त्यात ५ टक्के व्हॅट धरलेला आहे. तुमचा नेमका दर स्क्रीनवरून घ्या.

समजा आठवड्यात २० घनमीटर झाले. म्हणजे सुमारे २२५ युनिट. ६ पेन्सांनी साडेतेरा पौंड. सात दिवसांचा स्टँडिंग चार्ज २ पौंड १० पेन्स. एकूण साडेपंधरा-सोळा. तुम्ही भरले ३५ आणि शिल्लक जिथे होती तिथेच आहे, तर १९ पौंडांचा हिशोब लागत नाही. ते थकबाकीत नाहीतर चुकीच्या दरात गेले. याउलट मीटर ४२ घनमीटर फिरला असेल, तर ४७० युनिट म्हणजे २८ पौंड, वर स्टँडिंग चार्ज. मग गॅस खरोखरच जळतो आहे आणि शोधाची दिशा बदलते. रांगेत उभं राहून पुरवठादाराशी भांडण्याआधी हा एक आकडा काढाच. माझं निम्मं काम या एका वहीवर चालतं.

वरच्या मजल्यावरच्यांशी तुलना मात्र फार मनाला लावून घेऊ नका. त्यांच्याखाली तुमचं तापलेलं घर आहे, तुमच्याखाली कदाचित रिकामं दुकान किंवा थंड तळघर असेल. ते दिवसभर कामावर असतील, तुम्ही मुलीबरोबर घरात असता. एकाच इमारतीतल्या दोन घरांचा वापर दुपटीनं वेगळा निघू शकतो आणि तरी दोघांचाही मीटर बरोबर असतो.

दराविषयी. ब्रिटनमध्ये ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, किमतीची कमाल मर्यादा बदलते. ही मर्यादा युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असते, तुमच्या एकूण खर्चावर नाही. बातम्यांत येणारा वर्षाचा आकडा सरासरी घराचा असतो, त्यामुळे गैरसमज होतो की त्याहून जास्त कुणी घेऊच शकत नाही. जुन्या कार्ड-मीटरमध्ये नवा दर आपोआप उतरत नाही. दुकानात टॉप-अप करताना तो कार्डावर येतो आणि कार्ड घातल्यावर मीटरमध्ये जातो. कार्डाची नोंदणी चुकीची असेल किंवा घर बराच काळ रिकामं असेल, तर मीटर जुन्याच दरानं कापत राहतो. तो दर २०२२-२३ च्या महागाईच्या काळातला असेल, तर प्रत्येक युनिटमागे तुम्ही जास्त देता आहात. स्क्रीनवरचा दर आणि पुरवठादाराच्या यादीतला दर जुळवून पाहा. जास्त कापलेलं परत मागता येतं. उलट दर कमी लागला असेल आणि पुरवठादार फरक मागू लागला, तर १ मे २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे त्याच्या चुकीनं राहिलेलं १२ महिन्यांपेक्षा जुनं देणं घरगुती ग्राहकाकडून वसूल करता येत नाही.

प्रीपेडवाल्यांना पूर्वी बँकेतून भरणाऱ्यांपेक्षा जास्त मोजावं लागायचं. ज्यांच्याकडे कमी त्यांच्याकडूनच जास्त घ्यायचं, हा सरळसरळ अन्याय होता. जुलै २०२३ मध्ये सरकारी योजनेतून तो फरक भरून काढला आणि एप्रिल २०२४ पासून ऑफजेमनं स्टँडिंग चार्ज समान करून तो कायमचा काढला. त्यामुळे ‘प्रीपेड आहे म्हणून महाग’ असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं, त्यावर थांबू नका.

आता घरमालकाचं म्हणणं. वरण-भात, पोळ्या आणि फोडण्यांमुळे आठवड्याला ३५ पौंड होत नाहीत. शेगडीचा मध्यम बर्नर साधारण २ किलोवॉटचा असतो. तो रोज दोन तास मोठ्या आचेवर जळला तरी ४ युनिट, म्हणजे २४ पेन्स. आठवड्याचे पावणेदोन पौंडही नाहीत. याउलट २४ किलोवॉटचा बॉयलर पूर्ण ताकदीनं तासभर चालला तर २४ युनिटांहून थोडा जास्त गॅस घेतो, म्हणजे दीड पौंड. सहा दिवसांचा स्वयंपाक एका तासात. घर तापल्यावर चांगला बॉयलर आपली आच कमी करतो हे खरं, पण प्रमाण लक्षात यावं. आपल्या मनात गॅस म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर. १४.२ किलोच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १९० युनिट उष्णता असते. ब्रिटनमधल्या सरासरी घराचा वर्षाचा वापर ऑफजेमनं २०२५ मध्ये ११,५०० युनिट धरला होता. म्हणजे साठ सिलिंडर, आणि त्यातले जेमतेम काही शेगडीवर. बाकी सगळा गॅस भिंती, हवा आणि पाणी तापवण्यात जातो. घरमालकाला हा हिशोब शांतपणे दाखवा. परक्या देशात आपल्या जेवणाविषयी असं काही ऐकलं की माणूस ओशाळतो आणि गप्प बसतो. गप्प बसू नका.

आठवड्याच्या वहीत घनमीटर खरोखरच जास्त निघाले, तर एक साधी चाचणी करा. हीटिंग, गरम पाणी, शेगडी सगळं बंद करा. रीडिंगचा दशांशापर्यंतचा आकडा लिहा आणि तासाभरानं पुन्हा पाहा. आकडा जागचा हलायला नको. जुन्या बॉयलरमध्ये किंवा गॅसच्या शेकोटीत कायम जळणारी छोटी ज्योत असेल तर किंचित हलेल. त्याहून जास्त फरक दिसला, तर दोन शक्यता आहेत. एक गळती. गॅसचा वास आला तर विजेचं कोणतंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. खिडक्या उघडा, मीटरजवळची दांडी नळीला आडवी फिरवून पुरवठा बंद करा, मुलीला घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ०८०० १११ ९९९ ला फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फोन फुकट आहे. पैशांची काळजी म्हणून हा फोन टाळू नये. वास नसला तरी सगळं बंद असताना मीटर पळत असेल, तर हाच क्रमांक लावा.

दुसरी शक्यता म्हणजे मीटरांची अदलाबदल. मोठ्या जुन्या घराचे फ्लॅट पाडलेले असतात, आणि लेस्टरसारख्या शहरात तसे पुष्कळ आहेत. तिथे मीटर एकाच पेटीत शेजारी शेजारी असतात आणि ‘फ्लॅट १’, ‘फ्लॅट २’ च्या चिठ्ठ्या कधीकाळी उलट चिकटवलेल्या असतात. कार्डाच्या मीटरबाबत खूण अशी, की तुमची शिल्लक शून्य झाली तरी तुमचा बॉयलर चालूच राहतो आणि वरच्यांचा बंद पडतो. याचा उलगडा सोपा आहे. शेजाऱ्यांना विश्वासात घ्या, त्यांचं सगळं थोडा वेळ बंद ठेवायला सांगा आणि आपला बॉयलर लावून कोणता मीटर फिरतो ते पाहा. मीटरच्या अंगावरचा अनुक्रमांक पुरवठादाराच्या नोंदीतल्या क्रमांकाशी जुळतो का, हेही विचारा. अशी चूक क्वचित निघते, पण निघाली की सगळा मागचा हिशोब दुरुस्त करून मागता येतो. मीटरच बिघडला असण्याची शक्यता त्याहून कमी. त्याची अधिकृत तपासणी मागता येते, मात्र मीटर बरोबर निघाला तर खर्च तुमच्यावर येऊ शकतो. तेव्हा हा मार्ग सगळ्यात शेवटी.

गळती नाही, अदलाबदल नाही, थकबाकी नाही आणि तरी वापर जास्त आहे, तर बॉयलरकडे वळा. भाड्याच्या घरात मला सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते टायमरचं गणित. आधीच्या भाडेकरूनं लावलेल्या वेळा तशाच असतात, किंवा बटण कायम ‘चालू’वर असतं, आणि थर्मोस्टॅट हॉलमध्ये असा बसवलेला असतो की समोरच्या दाराच्या फटीतून येणारा वारा थेट त्याच्यावर येतो. त्याला घर कधी तापलंसं वाटतच नाही. टायमरवर आठवड्याचे सातही दिवस स्वतः पाहून घ्या. थर्मोस्टॅट १८ ते २१ च्या मध्ये ठेवा. दिवसभर मंद चालू ठेवलं की स्वस्त पडतं, हे पुष्कळ जण सांगतात. बहुतेक घरांत ते खरं नाही, कारण जितका वेळ घर गरम तितका वेळ उष्णता बाहेर पाझरत राहते. गरज असेल तेव्हाच तापवणं स्वस्त.

तुमच्याकडे कॉम्बी बॉयलर असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर आणखी दोन गोष्टी. रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान बहुधा ७५-८० वर ठेवलेलं असतं. ते ६० वर आणा. घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, पण बॉयलर धुरातली उष्णता परत मिळवू शकतो आणि गॅस कमी लागतो. दुसरं, ‘प्रीहीट’ किंवा ‘कम्फर्ट’ नावाची सोय नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून बॉयलर अधूनमधून उगाच पेटवत राहते. ती बंद करून ‘इको’ लावा. घरात टाकी असेल, तर मात्र टाकीतलं पाणी ६० अंशांखाली आणू नका, त्यात घातक जीवाणू वाढू शकतात.

आंघोळीचंही सांगते, कारण हे आपल्याकडच्या सवयीच्या बाजूचं आहे. मिनिटाला १० लिटरचा शॉवर दहा मिनिटं घेतला तर सुमारे ४ युनिट गॅस जातो, २४ पेन्स. २० लिटरच्या बादलीला एक युनिटही लागत नाही, ५ पेन्स. इथल्या बाथरूममध्ये बादली-तांब्या ठेवायला संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

घरातल्या थंडीची जबाबदारी सगळी तुमची नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्यानं दिलेल्या घराला ऊर्जा-दर्जाचं प्रमाणपत्र लागतं, आणि एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांतही तो दर्जा किमान ‘ई’ असावा लागतो, नोंदवलेली सूट असेल तर गोष्ट वेगळी. पोस्टकोड टाकून सरकारी नोंदवहीत ते प्रमाणपत्र कुणालाही पाहता येतं. गॅसच्या उपकरणांची दरवर्षी गॅस सेफ नोंदणी असलेल्या कारागिराकडून तपासणी करून त्याची प्रत भाडेकरूला देणं घरमालकावर बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही त्यानंच बसवायचा असतो. ही प्रत तुम्हाला मिळाली आहे का, ते पाहा. आणि पैसे संपले म्हणून ओव्हनचं दार उघडं ठेवून खोली तापवणं किंवा घरात कोळशाची शेगडी पेटवणं कधीही करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही, हिवाळ्यात शिल्लक संपलेली घरं हे खरोखर करतात म्हणून लिहिते.

तर फोनवर काय विचारायचं? या मीटरवर थकबाकी किती आहे आणि ती कुणाच्या नावावर? आठवड्याला किती कापता? मीटरमध्ये भरलेला युनिटचा दर आणि स्टँडिंग चार्ज किती, आणि माझ्या पत्त्याला लागू असलेला किती? मीटरचा अनुक्रमांक तुमच्या नोंदीत हाच आहे का? उत्तरं आणि बोलणाऱ्याचं नाव तारखेसह लिहून घ्या. इंग्रजीत फोनवर बोलायला अवघड वाटत असेल, तर हेच ईमेलनं पाठवा. लेखी असलेलं केव्हाही बरं. सोबत भाडेकराराचं तारखेचं पान आणि मीटरचे फोटो जोडा, आणि तीन मागण्या स्पष्ट करा: ताब्याच्या तारखेपासून खातं माझ्या नावावर करा, आधीची थकबाकी मीटरवरून काढा, आणि माझ्याकडून कापलेली रक्कम परत द्या. थकबाकी कागदोपत्री काढली तरी जुन्या मीटरमधून ती तेव्हाच जाते, जेव्हा नवी सूचना कार्डावरून मीटरमध्ये उतरते. त्यामुळे पुढच्या टॉप-अपनंतर तोच स्क्रीन पुन्हा तपासा.

थकबाकीतला काही भाग खरंच तुमचा निघाला, तरी हप्ता तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवायला पुरवठादार बांधील आहे. आठवड्याचं उत्पन्न, भाडं, पाळणाघर, किराणा असा आठ-दहा ओळींचा हिशोब पुढे करा आणि ‘एवढंच जमेल’ म्हणा. त्यांनी सांगितलेला पहिला आकडा अखेरचा नसतो.

त्याच फोनवर प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये, म्हणजे जास्त मदतीची गरज असलेल्या ग्राहकांच्या यादीत, नाव घालायला सांगा. पाच वर्षांखालचं मूल घरात असलं की तुम्ही त्याला पात्र असता, नोंदणी फुकट आहे. शिल्लक संपली, कार्ड भरायला पैसे नाहीत आणि घरात लहान मूल आहे, अशा वेळी पुरवठादारानं जादा आधार-क्रेडिट द्यावं असा परवान्यातलाच नियम आहे. ते फेडावं लागतं, पण त्या रात्री घर उबदार राहतं.

व्हिसाविषयी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण यामुळे आपली माणसं मदत मागायलाच घाबरतात. सार्वजनिक निधी घेता येणार नाही अशी अट व्हिसावर असली, तरी पुरवठादाराकडून मिळणारं क्रेडिट, हप्ता कमी करून घेणं, प्रायॉरिटी रजिस्टर, तक्रार करणं यांचा त्या अटीशी संबंध नाही. ते ग्राहकाचे हक्क आहेत. कौन्सिलच्या मदतनिधीला हात लावण्याआधी मात्र मोफत सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला विचारा, कारण स्थानिक संस्थांची काही देणी त्या अटीत मोडतात. त्यांच्या ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक ०८०८ २२३ ११३३. ज्या घरांना उत्पन्नावर आधारित सरकारी भत्ते मिळतात, त्यांनी हिवाळ्यातली १५० पौंडांची वॉर्म होम डिस्काउंट आपल्या खात्यात आली का, हे जरूर पाहावं. ती प्रीपेडवाल्यांनाही मिळते.

ईमेलला उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवी झाली, तर ‘ही माझी औपचारिक तक्रार आहे’ असं स्पष्ट लिहा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्याआधीच त्यांनी ‘यापुढे आम्ही काही करू शकत नाही’ असं पत्र दिलं, तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही आणि त्यांचा निर्णय तुम्ही मान्य केला तर पुरवठादाराला पाळावाच लागतो. तिथे तुमची वही आणि फोटो हाच पुरावा. ही प्रकरणं किचकट दिसतात, पण तारखा बरोबर असलेला सामान्य ग्राहक ती जिंकतो, हे मी पाहिलं आहे.

मीटर कायम कार्डाचाच ठेवायची सक्ती नाही. खातं तुमच्या नावावर असेल, तर पुरवठादार निवडायचा हक्क तुमचा आहे, घरमालकाचा नाही. त्याला कळवणं मात्र योग्य, आणि मीटर बदलण्याआधी भाडेकरार वाचा. प्रत्येक इंधनामागे ५०० पौंडांपर्यंतची थकबाकी घेऊनही प्रीपेड ग्राहकाला दुसऱ्या पुरवठादाराकडे जाता येतं. स्मार्ट मीटर घेतला, तर कार्ड घेऊन पावसात दुकानापर्यंत जाणं थांबतं. थकबाकी आणि रोजचा खर्च घरातल्या पडद्यावर दिसतो, आणि दर दुरून बदलतो. पुढे पुरवठादार तयार झाला, तर तोच मीटर जागेवरून न हलवता बिलावर करता येतो. पण हे सगळं थकबाकीचा निकाल लागल्यावर करा. जुना मीटर निघून गेला की त्याच्या स्क्रीनवरचे आकडेही जातात, तेव्हा कारागीर दारात येण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा फोटो आणि शेवटचं रीडिंग तुमच्याकडे असू द्या. जुन्या मीटरमध्ये उरलेली शिल्लक नव्या खात्यात जमा झाली का, हे पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.